चुंबक आणि अतिसंवाहक: एका अणुमात्र सीमेचा इतिहास

१९५६ साली मॉस्कोच्या लेबेदेव्ह संस्थेतील व्हिताली गिन्झबर्ग यांनी दिसावयास अगदी साधा असा एक प्रश्न विचारार्थ घेतला: जो पदार्थ स्वभावतः लोहचुंबक आहे, तो पुरेसा थंड केल्यास अतिसंवाहकही होईल काय? त्यांचे उत्तर बव्हंशी नकारार्थी होते, आणि त्याची कारणमीमांसा अशी होती की, अतिसंवाहक पदार्थ बाहेरचे चुंबकीय क्षेत्र एका ठरावीक मर्यादेपर्यंतच आपल्या अंगाबाहेर ठेवू शकतो, ती मर्यादा ओलांडली गेली की त्याची अतिसंवाहकता लयाला जाते, आणि लोहचुंबकाच्या अंतर्भागात त्याच्याच अणूंनी उत्पन्न केलेले क्षेत्र सामान्यतः या मर्यादेहून कितीतरी प्रबळ असते. पुढे कित्येक वर्षे विद्वानांचा व्यवहार याच निकालावर चालला. आज मात्र माद्रिद, स्टुटगार्ट, कानपूर, ट्रॉम्बे अशा ठिकठिकाणच्या शास्त्रज्ञांच्या हाती असे स्फटिक येतात की ज्यांत हे दोन गुण एकावर एक थरांनी रचलेले असतात, आणि त्या थरांच्या मधल्या एक-दोन अणूंच्या जाडीच्या सीमेवर इलेक्ट्रॉन कसे वर्ततात याची कसून तपासणी होते. परस्परांचे वैरी मानलेल्या या दोन गुणांना एका स्फटिकात नांदविण्याची विद्या कशी घडली, तिचा वृत्तांत येथे सांगावयाचा आहे. आणि तो सांगताना माझे एक मत आरंभीच नोंदवून ठेवतो की, या इतिहासात सिद्धान्ताइतकाच, किंबहुना त्याहून काकणभर अधिक, वाटा हस्तकौशल्याचा आहे.

वैराचे मूळ समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ८ एप्रिल १९११ रोजी हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामरलिंग ओन्नेस यांच्या प्रयोगशाळेत पारा सुमारे ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे शून्याखाली २६९ अंश सेल्सिअसपर्यंत, थंड केला असता त्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा झाला. ओन्नेस यांनी तीनच वर्षांपूर्वी हीलियमचे द्रवीकरण साधले होते म्हणून ही थंडी त्यांच्या हाताशी होती. १९३३ मध्ये बर्लिन येथे मायस्नर आणि ऑक्सेनफेल्ड यांना आढळले की, असा पदार्थ चुंबकीय क्षेत्राला आपल्या अंतर्भागातून हुसकावून लावतो. १९५७ मध्ये बार्डीन, कूपर व श्रीफर या तिघांनी या साऱ्याचा उलगडा करताना दाखविले की, अतिसंवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात, आणि जोडीतील दोघांचे परिवलन, ज्याला प्रयोगशाळांतून सर्रास स्पिन म्हणतात, ते परस्परविरुद्ध दिशांचे असते. लोहचुंबकाचा धर्म याच्या नेमका उलट; तेथे सर्व परिवलनांनी एकाच दिशेला तोंड करावे असा आग्रह असतो. गिन्झबर्ग यांनी सांगितलेले क्षेत्राचे संकट एक, आणि परिवलनांच्या या विसंवादाचे संकट दुसरे; त्यांत दुसरे अधिक घातक होय.

या दुसऱ्या संकटाचा प्रत्यक्ष पुरावा लवकरच मिळाला. १९५८ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मथायस, सूल आणि कोरेन्झविट यांनी लँथॅनम या अतिसंवाहक धातूत निरनिराळ्या विरल मृदा मूलद्रव्यांचे अल्पसे मिश्रण करून पाहिले, तेव्हा संक्रमणाचे तापमान झपाट्याने खाली आले. आणि ही घट मिसळलेल्या अणूच्या एकंदर चुंबकीय बलाला अनुसरून नव्हती, त्याच्या परिवलनाला अनुसरून होती, त्यामुळे गॅडोलिनियमचा उपद्रव सर्वांत मोठा ठरला. अब्रिकोसोव्ह व गोरकोव्ह यांनी १९६० मध्ये या घटीचे गणित मांडले. १९६२ मध्ये क्लॉग्स्टन आणि भारतीय वंशाचे बी. एस. चंद्रशेखर यांनी, परिवलनांना वळविणारी ओढ किती वाढली म्हणजे जोड्या तुटतात, याची मर्यादा एकमेकांपासून स्वतंत्रपणे ठरवून दिली. १९६४ मध्ये मात्र फुल्डे व फेरेल यांनी अमेरिकेत आणि लार्किन व ओव्हचिन्निकोव्ह यांनी रशियात एक सुटकेची वाट दाखविली: जोडीने तुटूनच जावे असे नाही, तिच्या लहरीने अवकाशात आंदोलने घेत, धन-ऋण चिन्हे बदलीत, चुंबकाच्या अमलातही तग धरावा, हेही शक्य आहे. अतिसंवाहकाला चिकटलेल्या पातळ चुंबकात हीच आंदोलने शिरावीत, आणि चुंबकाची जाडी योग्य असल्यास पलीकडच्या अतिसंवाहकाशी होणारा व्यवहार उलट्या चिन्हाचा व्हावा, असे बुझदिन, बुलायेव्हस्की आणि पान्युकोव्ह यांनी १९८२ मध्ये भाकीत केले, आणि चेर्नोगोलोव्का येथील र्‍याझानोव्ह यांच्या गटाने २००१ मध्ये ताम्र-निकेलच्या मिश्रधातूत ते खरे करून दाखविले. तथापि प्रबळ चुंबकात ही आंदोलने फार तर काही नॅनोमीटरांतच विरून जातात. वैर कायम राहिले; केवळ सीमेलगतच्या चिंचोळ्या पट्टीत एक तात्पुरता तह झाला.

येथवरचा सारा व्यवहार धातूंचा आणि मिश्रधातूंचा होता. ऑक्साइडांची वंशावळ निराळी आहे आणि ती अधिक जुनीही आहे. १८३९ मध्ये गुस्टाव्ह रोझ यांनी उरल पर्वतातून आलेल्या एका खनिजाचे वर्णन करून त्याला रशियन सरदार लेव्ह पेरोव्हस्की यांचे नाव दिले. कॅल्शियम, टिटॅनियम आणि ऑक्सिजन यांच्या या खनिजाची रचना, म्हणजे मध्यभागी एक धातूचा अणू, त्याच्या सहा बाजूंना सहा ऑक्सिजन, आणि अशा अष्टफलकांच्या मधल्या पोकळ्यांत दुसरा मोठा अणू, ही इतकी उदार आहे की मूलद्रव्यांच्या कोष्टकातील बहुतेक धातू तिच्यात सामावून जातात, आणि जो धातू मध्यभागी बसेल त्याप्रमाणे त्याच सांगाड्यातून विद्युत्‌रोधक, चुंबक, धातुरूप वाहक किंवा अतिसंवाहक निपजतो. आपल्या कथेतील दोन्ही वैरी याच कुळात जन्मले, ही गोष्ट या सबंध इतिहासाचा कणा आहे.

त्यांतील थोरला भाऊ आयंटहोवन येथील फिलिप्स कंपनीच्या संशोधनशाळेत जन्मास आला. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे तेथे चुंबकीय ऑक्साइडांवर मोठे काम चालू होते, कारण उच्च वारंवारतेच्या विद्युत्‌यंत्रांना धातूचा चुंबक चालत नाही, त्यात भोवरी प्रवाहांमुळे शक्ती वाया जाते. १९५० मध्ये योंकर आणि फान सांटेन यांनी लँथॅनम व मँगॅनीज यांच्या ऑक्साइडात लँथॅनमच्या काही भागाऐवजी कॅल्शियम, स्ट्राँशियम किंवा बेरियम घालून पाहिले आणि जे मूळचे विद्युत्‌रोधक होते ते एकाच वेळी लोहचुंबकही झाले व वाहकही झाले. पुढच्याच वर्षी क्लॅरेन्स झेनर यांनी याचे कारण सांगितले: कॅल्शियम घातल्याने मँगॅनीजचे काही अणू एका इलेक्ट्रॉनाला मुकतात, शेजारच्या अणूवरचा इलेक्ट्रॉन मधल्या ऑक्सिजनाच्या द्वारे तेथे उडी घेऊ पाहतो, परंतु ही उडी दोन्ही अणूंची परिवलने समांतर असली तरच सुकर होते, म्हणून प्रवाह आणि चुंबकत्व हातात हात घालून येतात. या मँगॅनाइटांचा पुढे जवळजवळ चाळीस वर्षे फारसा बोलबाला झाला नाही. नव्वदीच्या दशकाच्या प्रारंभी, चुंबकीय क्षेत्र लावताच त्यांचा विद्युत्‌रोध कमालीचा घसरतो असे पातळ थरांत दिसून आले, तेव्हा पुन्हा सर्वांच्या नजरा तिकडे वळल्या. आणि १९९८ मध्ये असेही दिसले की, लँथॅनम-स्ट्राँशियम मँगॅनाइटात अत्यंत कमी तापमानास वाहून जाणारे इलेक्ट्रॉन जवळजवळ सगळेच एका परिवलनाचे असतात. अतिसंवाहकाच्या विषम परिवलनाच्या जोडीला याहून प्रतिकूल शेजार कल्पिता येणार नाही.

धाकटा भाऊ १९८६ चा. झुरिचनजीक र्‍यूश्लिकोन येथील आय.बी.एम. प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी लँथॅनम, बेरियम व तांबे यांच्या ऑक्साइडात ३० केल्विनच्या वर अतिसंवाहकतेची चिन्हे पाहिली, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ च्या आरंभी अमेरिकेतील चू आणि वू यांच्या गटांनी इट्रियम, बेरियम व तांबे यांच्या ऑक्साइडाने ९३ केल्विन गाठल्याचे जाहीर केले. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, म्हणून ही विद्या महागड्या हीलियमच्या कैदेतून सुटली. या ताम्र-ऑक्साइडांत सारा खेळ तांबे व ऑक्सिजन यांच्या सपाट प्रतलांत चालतो. त्यांचा मूळ पदार्थही मँगॅनाइटाप्रमाणेच विद्युत्‌रोधक आहे, त्यातही शेजारी अणूंची परिवलने आलटून पालटून उलटसुलट रचलेली असतात, आणि त्यातूनही काही इलेक्ट्रॉन काढून घेतल्यावरच नवा गुण उपजतो. म्हणजे ज्या अतिसंवाहकतेला चुंबकत्वाचे वावडे आहे असे आपण समजत होतो, तिचे माहेरच मुळी एका प्रकारच्या चुंबकत्वात निघाले. मला या शोधातील हा भाग, तापमानाच्या उच्चांकापेक्षाही, अधिक विचार करावयास लावणारा वाटतो.

निसर्गाने स्वतः हे दोन गुण एकत्र बसविल्याची उदाहरणेही याच सुमारास गोळा होत होती, आणि त्यांत मुंबईचा हिस्सा मोठा आहे. १९७७ मध्ये एर्बियम-र्‍होडियम-बोरॉनचे एक संयुग ८.७ केल्विनला अतिसंवाहक होऊन पुढे ०.९ केल्विनच्या सुमारास चुंबकत्वाने ती अवस्था मोडून काढते, असे दिसले होते. १९९४ च्या जानेवारीत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नागराजन, गुप्ता, विजयराघवन आदींच्या गटाने, पवईच्या तंत्रज्ञान संस्थेतील सहकाऱ्यांसह, इट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या एका संयुगसमूहात सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकता प्रसिद्ध केली. निकेलसारखा चुंबकीय ख्यातीचा धातू घटक असूनही हे घडावे, आणि त्याच कुळातील एर्बियम किंवा होल्मियमच्या संयुगांत चुंबकीय क्रम व अतिसंवाहकता एकाच नमुन्यात शेजारी शेजारी टिकावी, या गोष्टीने जगभर या विषयाला नवी तरतरी आली. हे संयुग ऑक्साइड नव्हे. परंतु त्यातही चुंबकीय अणूंचे थर आणि निकेल-बोरॉनचे थर आलटून पालटून येतात. १९९९ च्या सुमारास रुथेनियम-गॅडोलिनियम-ताम्र ऑक्साइडात हीच गोष्ट ऑक्साइडांच्या घरात दिसली: रुथेनियमचे थर १३२ केल्विनला चुंबकीय क्रम धरतात आणि ताम्र-प्रतले त्यानंतर, ४६ केल्विनपर्यंतच्या तापमानाला, अतिसंवाहक होतात. निसर्गाने बसविलेल्या थरांची जाडी मात्र आपल्याला बदलता येत नाही. ती बदलावयाची तर थर स्वतः चढविले पाहिजेत.

आता त्या कारागिरीकडे वळू, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. १९८७ मध्ये न्यू जर्सीतील बेलकोर येथे, कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले टी. वेंकटेशन आणि त्यांचे सहकारी यांनी इट्रियम-बेरियम-ताम्र ऑक्साइडाच्या भाजलेल्या टिकलीवर अतिनील लेसरचे झटके मारून तिच्यातील अणू उडविले, आणि समोर तापवून ठेवलेल्या स्फटिकावर त्यांचा पातळ थर बसविला. टिकलीतील मूलद्रव्यांचे प्रमाण थरात जवळजवळ जसेच्या तसे उतरते, हा या रीतीचा मोठा गुण. चार-चार मूलद्रव्ये वेगवेगळ्या मुशींतून उकळवून योग्य प्रमाणात आणण्याचे कष्ट त्यामुळे वाचले. पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात सतीशचंद्र ओगले यांनी लेसरच्या अशा प्रक्रियांवर काम केले. पुढे ते मेरीलँड विद्यापीठात वेंकटेशन आणि रमेश यांच्या सोबतीला गेले, आणि नंतर पुण्यास परतून प्रथम राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व मग आयसर या संस्थेत रुजू झाले. ऑक्साइडांच्या पातळ थरांच्या विद्येत या मराठी शास्त्रज्ञाचे नाव आदराने घेतले जाते. माद्रिदकरांनी निराळी वाट धरली. उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये कणमाऱ्याने अणू उडवून ते अतिशय संथपणे थर चढवीत.

थर चढविणाऱ्याचे काम किती निगुतीचे असते याची वाचकास कल्पना यावी म्हणून थोडा तपशील देतो. खाली पायाला बहुधा स्ट्राँशियम टिटॅनेटचा, नखाएवढा, घासून लखलखीत केलेला स्फटिक असतो. डोळ्याला आरशासारखा दिसणारा त्याचा पृष्ठभाग अणूच्या मापाने मात्र मिश्र असतो, कोठे टिटॅनियमचा थर वर, कोठे स्ट्राँशियमचा. १९९४ मध्ये जपानात कावासाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी योग्य आम्लतेच्या द्रावणात धुऊन स्ट्राँशियमचा थर तेवढा काढून टाकण्याची युक्ती प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून अणूच्या एका पायरीएवढ्या उंचीचे, एकाच जातीचे सपाट टप्पे पायाला मिळू लागले. मग हा पाया सातशे-आठशे अंशांपर्यंत तापवून विरळ ऑक्सिजनमध्ये थर चढवितात. ऑक्सिजन कमी पडला तर ताम्र-ऑक्साइड अतिसंवाहक राहत नाही, आणि तो पुरेसा भरून निघावा म्हणून थर चढविल्यावर नमुना भरपूर ऑक्सिजनमध्ये सावकाश निववावा लागतो. इट्रियम-ताम्र ऑक्साइडाच्या जालकाच्या बाजू ३.८२ व ३.८९ अँगस्ट्रॉम, लँथॅनम-कॅल्शियम मँगॅनाइटाची ३.८६, पायाची ३.९०५, एकाच कुळातील असल्यामुळे ही मापे इतकी जुळतात की वरचा थर खालच्याच्या अणूंवर आपले अणू नेमके बसवीत वाढतो. सांध्याला एकही अणू परका लागत नाही.

१९९७ मध्ये असे सांधे प्रथम उपयोगात आले ते परिवलनाचा मारा करण्याकरिता. मिनेसोटा आणि मेरीलँड येथील गटांनी मँगॅनाइटातून एका परिवलनाचे इलेक्ट्रॉन ताम्र-ऑक्साइडात सोडले आणि त्यामुळे त्याची प्रवाह वाहण्याची क्षमता घटते असे दाखविले. जोड्या मोडण्याचे हे नवे हत्यार आहे, या हर्षात तेव्हा सीमेकडे स्वतंत्रपणे कोणी पाहिले नाही; सीमा म्हणजे इलेक्ट्रॉनांनी ओलांडून जावयाचा उंबरठा, एवढाच तिचा हिशेब धरला होता.

हा हिशेब चुकीचा आहे, हे २००३-०४ च्या मोजमापांनी कळविले. माद्रिदच्या सांतामारिया यांच्या गटाने मँगॅनाइट व ताम्र-ऑक्साइड यांचे थर आलटून पालटून रचले, तेव्हा अतिसंवाहकतेचे संक्रमण अपेक्षेहून फार लांबवर चुंबकाच्या प्रभावाखाली खचत असल्याचे दिसले. स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत हाबरमायर यांच्या हातचे थर घेऊन होल्डन, बेर्नहार्ड, काइमर प्रभृतींनी अवरक्त प्रकाशाने मुक्त विद्युत्‌भारांची मोजणी केली. आणि ताम्र-ऑक्साइडाचा थर सुमारे २० नॅनोमीटरांहून व मँगॅनाइटाचा सुमारे १० नॅनोमीटरांहून पातळ झाला की वाहकता एकदम ढासळते, असे त्यांना आढळले. मग त्यांनी मँगॅनाइटाच्या जागी लँथॅनम-निकेल ऑक्साइड हा चुंबकीय क्रम नसलेला वाहक घालून पाहिला, तेव्हा ती ढासळ नाहीशी झाली. चांगला प्रयोगकर्ता आपल्याच निष्कर्षाची अशी उलटतपासणी घेतो, म्हणून या प्रयोगाचे महत्त्व मी विशेष मानतो. गुन्हेगार चुंबकत्वच आहे, की सीमेवरून विद्युत्‌भाराची काही देवघेव होते, हा प्रश्न त्यांनी प्रामाणिकपणे खुला ठेवला.

त्याचे उत्तर शोधताना सीमेचे दर्शन घडले. एका बाजूला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांनी दाखविले की, ताम्र-ऑक्साइडात एरवी प्रतलांच्या जोडीला असणारी तांब्याची साखळी या सांध्यावर गाळली जाते; ताम्र-प्रतल, मग बेरियम व ऑक्सिजन, आणि लगेच मँगॅनीजचे प्रतल असा क्रम लागतो, त्यामुळे सीमेवरच्या तांब्याचा व मँगॅनीजचा एका ऑक्सिजनद्वारा सरळ संबंध जुळतो. दुसऱ्या बाजूला न्यूट्रॉनांच्या परावर्तनाने, २००५ मध्ये स्टान व त्यांच्या सहकाऱ्यांनी, चुंबकत्वाची सीमा आणि रासायनिक सीमा यांची स्थाने एकमेकांशी जुळत नाहीत असे दाखविले. हे मोजमाप दोन प्रकारे लावता येत होते: सीमेलगतचा मँगॅनाइट निर्जीव झाला असेल, किंवा तांब्यात उलट दिशेचे चुंबकत्व उपजले असेल. हा वाद न्यूट्रॉन मिटवू शकत नव्हते, कारण कोणते चुंबकत्व कोणत्या मूलद्रव्याचे, हे त्यांना कळत नाही.

ते ज्यांना कळते ते क्ष-किरण होत. प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचेच क्ष-किरण शोषते. म्हणून ऊर्जा तांब्याची निवडून, किरणांचे ध्रुवण एकदा उजवे व एकदा डावे फिरते ठेवले, आणि दोहोंच्या शोषणात फरक पडला, तर तो केवळ तांब्याच्या चुंबकत्वाचा पुरावा ठरतो. चाखालियन, फ्रीलंड, काइमर आदींनी २००६ मध्ये ही कसोटी लावली, आणि तांब्याच्या जागी लहानसे पण निःसंदिग्ध चुंबकत्व मिळाले, तेही शेजारच्या मँगॅनीजच्या बरोबर विरुद्ध दिशेचे. तांबे स्वतः लोहचुंबक नाही. ते सीमेपलीकडच्या सत्तेच्या हुकमाने वळले होते. पुढच्या वर्षी त्याच गटाने एक पाऊल पुढे टाकून तांब्यावरील इलेक्ट्रॉनमेघाचा आकारही तपासला. एरवी ताम्र-ऑक्साइडात ज्या मेघात रिकामी जागा असते तो प्रतलात चौफेर पसरलेला असतो, आणि अतिसंवाहकतेचा सारा व्यवहार त्याच्याच द्वारे होतो. सीमेवरच्या तांब्यात मात्र प्रतलाला लंब, मँगॅनीजकडे तोंड करून उभा असलेला मेघही त्यात सामील झालेला आढळला. दर तांब्यामागे सुमारे ०.२ इलेक्ट्रॉनभार मँगॅनीजकडून आलेला होता, आणि मधल्या ऑक्सिजनावरून दोन्ही धातूंमध्ये सहसंयुजी बंध जुळला होता. सोनार दोन तुकडे जोडताना सांध्यात तिसराच मिश्रधातू वितळवून घालतो, हे आपण पाहिलेले आहे; येथे तर कोणी काही घातले नसताना, निव्वळ सान्निध्याने, सांध्यावर तिसरा पदार्थ उत्पन्न झाला होता, ज्याचे मेघ, भार आणि चुंबकत्व दोन्ही शेजाऱ्यांहून भिन्न होते. या दोन वर्षांच्या निबंधांना या विषयाच्या इतिहासात मी सर्वोच्च स्थान देतो.

सीमेच्या गोष्टीत पायाही निमूट नसतो, हे २००९ मध्ये होप्लर, बेर्नहार्ड आदींना दिसले. स्ट्राँशियम टिटॅनेटचा स्फटिक १०५ केल्विनला आपली घनाकृती सोडून किंचित लांबट होतो, त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उतार पडतात, आणि तो ताण वरच्या थरांना सोसावा लागतो. अशा नमुन्यांत अतिसंवाहकता सुरू होताच मँगॅनाइटाच्या थरांचे चुंबकत्व थराथरांत कमी-अधिक होऊ लागते, असे न्यूट्रॉनांनी सांगितले. म्हणजे दबणारा पक्ष प्रत्येक वेळी अतिसंवाहकच असतो, हा जुना समजही टिकला नाही.

दरम्यान सिद्धान्ताच्या बाजूने आणखी एक गोष्ट घडली होती. बेर्गेरेट, व्होल्कोव्ह आणि एफेतोव्ह यांनी २००१ मध्ये दाखविले की, सीमेपाशी चुंबकत्वाची दिशा एकसारखी नसेल, वळत गेलेली असेल, तर विषम परिवलनाच्या जोडीतून सम परिवलनाची जोडी उत्पन्न होऊ शकते, आणि अशा जोडीला चुंबकाचे भय नसल्याने ती त्यात लांबवर जाऊ शकते. २००६ मध्ये डेल्फ्ट येथे क्रोमियम डायऑक्साइडातून, ज्याचे इलेक्ट्रॉन जवळजवळ सगळे एका परिवलनाचे असतात, शेकडो नॅनोमीटर अंतरावर अतिप्रवाह वाहिला. ज्या पदार्थात दुसऱ्या परिवलनाचा सोबतीच उपलब्ध नाही तेथून जुन्या पद्धतीची जोडी जाणे अशक्य, म्हणून हा पुरावा भरभक्कम समजला गेला. २०१२ मध्ये विसानी व सहकाऱ्यांनी ताम्र-ऑक्साइड आणि कॅल्शियम मँगॅनाइट यांच्या सांध्यावर अशा लांब पल्ल्याच्या संचाराची चिन्हे नोंदविली. आणि २०२२ मध्ये माद्रिद व पॅरिस येथील शास्त्रज्ञांनी स्ट्राँशियम मँगॅनाइटाच्या सुमारे १ मायक्रोमीटर लांबीच्या पट्टीतून, काही दशक केल्विनांच्या तापमानात, दोन ताम्र-ऑक्साइडांमध्ये अतिप्रवाह वाहता केला. काही नॅनोमीटरांच्या तहापासून येथवर पल्ला गेला. ही सम जोडी सीमेवरच्या नेमक्या कोणत्या घडीतून जन्मते, याविषयी मात्र अद्याप एकमत झालेले नाही.

भारतात कानपूर येथे बुधानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मँगॅनाइटाच्या दोन थरांमध्ये ताम्र-ऑक्साइड दाबून, बाहेरच्या चुंबकांच्या दिशा समांतर व विरुद्ध करताच मधल्याचा रोध कसा बदलतो, याचा अभ्यास केला. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील प्रजापत, सिंग, बसू आदींनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर या इतिहासाला नवे वळण देणारा आहे: त्यांनी कॅल्शियम मँगॅनाइट आणि ताम्र-ऑक्साइड यांच्या मध्ये स्ट्राँशियम टिटॅनेटचा पातळ विद्युत्‌रोधक पडदा घातला, आणि तरीही, अतिसंवाहकता सुरू झाल्यावर, पडद्यापलीकडच्या मँगॅनाइटाचे चुंबकत्व सीमेपाशी क्षीण झाल्याचे ध्रुवित न्यूट्रॉनांनी त्यांना दिसले. तांबे-मँगॅनीजचा सरळ बंध येथे नव्हता. तेव्हा बंधाव्यतिरिक्तही काही देवघेव सीमेवरून होत असली पाहिजे.

शेवटी मराठी वाचकांपैकी जे अशा प्रयोगशाळांतून काम करतात त्यांना एक विनंती आहे. या विद्येचा इतिहास निबंधांतून छापला गेलेला आहे, परंतु थर कोणत्या अंशाला, किती ऑक्सिजनमध्ये, कोणत्या वेगाने चढविला, कोणते नमुने बिघडले आणि कशामुळे, हे सारे थर चढविणाऱ्याच्या रोजच्या वह्यांत असते, आणि तो सेवानिवृत्त झाला की त्या वह्या बहुधा रद्दीत जातात. वि. का. राजवाडे यांनी गावोगावची दफ्तरे गोळा करून मराठ्यांच्या इतिहासाची साधने सिद्ध केली. त्या परंपरेच्या महाराष्ट्राला या वह्यांचे मोल निराळे सांगावयास नको. मुंबई व पुणे येथील ज्या ज्या विभागांत गेल्या चार दशकांत ऑक्साइडांचे थर चढविले गेले, त्यांनी आपल्या वह्या, तारखा व नमुन्यांचे क्रमांक यांसह, संस्थेच्या ग्रंथालयात जमा करून ठेवाव्यात.